वेशीतली बुरडीण

“साहेब, हिच्यावर नंबर कुठं टाकू?”

माझ्या एका हातात पिवळ्या ऑइलपेंटचा डबा, दुसऱ्या हातात ब्रश आणि पुढ्यात भिमाक्का. धानवडीच्या वेशीच्या उजव्या बुरुजाला पाठ टेकून, पाय पसरून, मांडीत अर्धं विणलेलं सूप घेऊन बसलेली. आजूबाजूला टोपल्या, दुरड्या, कोंबड्या झाकायची डालगी आणि सोललेल्या कळकाच्या, म्हणजे बांबूच्या, पात्यांचा ढीग.

“कपाळावर टाक,” भिमाक्का म्हणाली. “नवरा गेल्यापासनं कुकवाची जागा मोकळीच हाय.”

मी हसलो. मुख्याधिकारी शेवाळे साहेब हसले नाहीत. लेखी आदेशाशिवाय ते हसत नसत. त्यांनी हातातल्या यादीत पाहिलं आणि म्हणाले, “एकशे सदतीस. मागच्या दगडावर टाका. आणि बाई, हे सगळं महिन्याभरात उचलायचं.”

“कुटं न्यायचं?”

“ते आमच्या कक्षेत येत नाही.”

ही गोष्ट एकोणीस वर्षांपूर्वीची. धानवडीत सरकारची ‘ऐतिहासिक पेठ पुनरुज्जीवन योजना’ आली होती. वेशीपासून चावडीपर्यंत चारशे पावलांचा रस्ता, त्यावरची सगळी अडगळ काढायची आणि पेठेला तिचं मूळ रूप द्यायचं, अशी ती योजना. अडगळ कुठली हे ठरवायला पुण्याहून एक सल्लागार आले होते, इंद्रनील सर. खादीचा कुडता, गळ्यात कॅमेरा, पायात आमच्याच चांभाराकडनं घेतलेल्या कोल्हापुरी वहाणा. त्या चांभाराची पेटी यादीत एक्याण्णव नंबरला होती.

आणि नंबर टाकायला मी. सिद्राम पेंटर. शिक्षण सातवी. हात मात्र असा, की माझ्या अक्षरातल्या पाट्या तालुक्यात चार ठिकाणी होत्या. होत्या म्हणतो, कारण फ्लेक्सचं मशीन येऊन चार वर्षं झाली होती आणि माझे ब्रश घासलेटच्या डब्यात उभे राहून राहून ताठले होते. दुकानाच्या पाटीला आता कुणी पेंटर बोलवत नव्हतं. पोरगं कॉम्प्युटरवर बसायचं, दहा मिनिटांत मालकाचा चेहरा, मागं सूर्योदय आणि बाजूला दोन कबुतरं अशी पाटी निघायची. मी शाळेच्या भिंतीवर ‘येथे लघवी करू नये’ लिहिण्यावर आलो होतो. लोक तिथंच करायचे. अक्षराकडं बघत करायचे.

अशात इंद्रनील सरांनी माझी एक जुनी पाटी पाहिली, आडत दुकानाची. म्हणाले, “काय वळण आहे हो! पेठेतल्या सगळ्या पाट्या ह्याच हातानं लिहून घ्यायच्या. फ्लेक्स नको.” एकशे वीस पाट्या. मी घरी येऊन बायकोला सांगितलं आणि त्या दिवशी दोघांनी गोड खाल्लं. हे आधीच सांगून ठेवतो. पुढं माझ्या हातून जे झालं त्याचं कारण हे आहे, दुसरं काही नाही.

यादीत काय काय होतं! पानाच्या टपऱ्या, गाडे, वाकलेले खांब, बंद पडलेले तीन फोनचे डबे, पाणी नसलेला हापसा. बस स्टँडकडं बाण दाखवणारी पाटी, स्टँड तिथनं हलून सात वर्षं झालेली. आणि नगरसेवकांच्या निधीतली आठ सिमेंटची बाकडी. बाकड्याच्या पाठीवर नगरसेवकाचं नाव इतकं मोठं, की बसणाऱ्याच्या शर्टावर उमटावं.

यादी लागली तसा गावात कालवा झाला. पालिकेच्या सभागृहात बैठक बोलावली. ज्यांच्यावर नंबर पडले ते सगळे आले. जो तो उठून सांगायला लागला, “माझी टपरी आजोबापासनं आहे.” “आमचा गाडा ऐतिहासिकच आहे, चाक तेवढं नवीन.” इंद्रनील सरांनी सगळ्यांना हात जोडले आणि पिशवीतनं एक मोठा फोटो काढून टेबलावर ठेवला.

वाचनालयाच्या माळ्यावर त्यांना तो मिळाला होता. शंभर वर्षांपूर्वी कुणा गोऱ्या साहेबानं काढलेला धानवडीच्या पेठेचा फोटो.

“भांडण नको,” सर म्हणाले. “आपण साधा नियम करू. फोटोत आहे ते राहील. फोटोत नाही ते जाईल.”

सगळे भिंग घेऊन फोटोवर तुटून पडले. फोटोत वेस होती. वेशीपुढं गुरांना पाणी पाजायची दगडी डोण होती. एक बैलगाडी होती. आणि उजव्या बुरुजाच्या पायथ्याला एक बाई बसली होती, समोर टोपल्या मांडून. फोटो काढताना तिनं मान हलवली असावी, तोंडाच्या जागी नुसता पांढरा फराटा.

“सरका की जरा,” असं म्हणत भिमाक्का पुढं आली. भिंग नको म्हणाली. डोळे बारीक करून तिनं फोटो लांब धरला, मग जवळ आणला आणि एकदम म्हणाली, “ही आमची थोरली!”

“कोण थोरली?” शेवाळे साहेब.

“माझ्या सासऱ्याची आई.”

“चेहरा तर दिसत नाही.”

“चेहऱ्याचं काय घिऊन बसला? डालगं बघा. काठाला तिहेरी पीळ हाय का न्हाई? हा पीळ उभ्या तालुक्यात आमचंच घर घालतंय. दुसऱ्या बुरडाला इचारून या.”

पालिकेच्या फाटकात तिनंच विकलेलं एक डालगं कचऱ्यासाठी ठेवलं होतं. शिपाई ते रिकामं करून घेऊन आला. काठाचा पीळ फोटोशेजारी धरला. तोच. तसाच.

इंद्रनील सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं नाही सांगत, खरंच आलं. “हा जिवंत वारसा आहे,” ते म्हणाले. “शंभर वर्षं तीच जागा, तेच काम, तोच पीळ! शेवाळे साहेब, एकशे सदतीस नंबर यादीतून काढा.”

भिमाक्कानं वळून सगळ्यांकडं पाहिलं. पानवाला, चहावाला, छत्र्या दुरुस्त करणारा, सगळे तोंड पाडून उभे. “चला,” ती म्हणाली, “आता तुमचं सामान भरायला टोपल्या लागतील. येताना माझ्याकडनंच न्या.”

मी दुसऱ्या दिवशी जाऊन दगडावरचा नंबर घासलेटनं पुसला. तिनं मला चहा पाजला.

पण नियम म्हटला की त्याला पोट असतं आणि नगराध्यक्षाला तर असतंच. बाकडी फोटोत नाहीत म्हणून काढायला गेले, तर नगराध्यक्ष बापूसाहेब स्वतः येऊन त्यातल्या एका बाकड्यावर बसले. “फोटो काढला तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं,” ते म्हणाले. “रयत उभी राहायची. आता लोकशाही आहे. लोक बसणार.” बाकडी राहिली. त्यांना दगडाचा रंग दिला आणि नावं सोनेरी केली. चांभाराची पेटी मात्र अर्ध्या तासात ट्रॅक्टरमध्ये गेली. तिच्यावर कुणी बसायला आलं नाही.

टपऱ्या गेल्या, गाडे गेले, चहावाला गेला. त्या दिवशी संध्याकाळी पेठ खरंच मोकळी दिसली. मी वेशीत उभं राहून बघितलं, चावडीची पायरी दिसत होती. जन्मात पहिल्यांदा दिसत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दिसेना. वेशीच्या कमानीवर आडवा फ्लेक्स लागला होता, ‘पेठ अडगळमुक्त केल्याबद्दल बापूसाहेबांचे हार्दिक अभिनंदन’. त्यावर अठरा डोकी होती.

मग सामान यायला लागलं. जुन्या धाटणीचे म्हणून बीडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, साठ दिवे. रस्त्याच्या कडेनं साखळ्या आणि खुंट. दोन सिमेंटच्या तोफा. धानवडीत तोफ कधी नव्हती, पण कंत्राटदाराकडं शिल्लक होत्या. फोटोतल्या बैलगाडीसाठी फायबरची बैलगाडी आली, बैल रंगानं काळे-पांढरे, परदेशी गाईसारखे. आणि माझ्या एकशे वीस पाट्या. ‘ऐतिहासिक वेस’, ‘ऐतिहासिक डोण’, ‘ऐतिहासिक बैलगाडी’, ‘डोणीत कचरा टाकू नये’, ‘बैलावर बसू नये’. जिथं एक टपरी गेली तिथं दोन पाट्या उभ्या राहिल्या. मला दिसत नव्हतं असं नाही. पण हातात ब्रश होता, रंगाचा वास होता, आणि येणारा जाणारा थांबून म्हणत होता, “वा पेंटर, काय हात आहे!” माणूस एवढ्यावर आंधळा होतो. मी झालो.

एक दिवस इंद्रनील सर एका मूर्तिकाराला घेऊन आले. त्यानं भिमाक्काचे चारी बाजूंनी फोटो काढले. टेप लावून पाठ मोजली, खांदे मोजले, मांडी मोजली.

“काय रं, चोळी शिवतोस का मयताची पेटी करतोस माझी?” भिमाक्कानं विचारलं.

“रेकॉर्डसाठी, अक्का,” सर म्हणाले. “तुमचं सगळं जतन करायचंय.”

तीन दिवस त्यांनी तिला एकाच जागी, एकाच बैठकीत बसवलं. तिसऱ्या दिवशी दोन्ही हातांवर ओलं प्लास्टर थापलं. ते वाळेपर्यंत हलायचं नाही म्हणाले. भिमाक्का दोन्ही हात पुढं धरून बसली होती. नाकावर माशी बसली तरी तिला हाकलता येईना. मी पाटी रंगवता रंगवता जाऊन माशी उडवली.

“सिद्राम,” ती हळूच म्हणाली, “ह्या लोकांची भाषा मला कळत न्हाई. तू त्यांच्यातला झालायस. एक खरं सांग. माझी जागा पक्की का?”

मला काय माहीत होतं? मला कुणी काही सांगितलं नव्हतं. पण मूर्तिकार बाईच्या हातांचे साचे कशाला घेतो, हे कळायला सातवीसुद्धा लागत नाही. मी विचारू शकलो असतो. सर दहा पावलांवर उभे होते. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि उत्तर मिळालं असतं तर मला काहीतरी करावं लागलं असतं. अजून चाळीस पाट्या बाकी होत्या.

“पक्की,” मी म्हणालो.

“बघ बरं. मी हात देऊन बसलीया.”

“पक्की म्हणतो ना, अक्का.”

पुढच्या आठवड्यात वेशीपाशी फरशी घालायची म्हणून तिला पंधरा दिवस घरी बसायला सांगितलं. ती मलाच विचारायला आली, जाऊ का म्हणून. मी म्हणालो, जा. तिनं टोपल्या गोळा केल्या आणि गेली.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी भिमाक्का नवं हिरवं लुगडं नेसून आली. डोक्यावर सात टोपल्यांची उतरंड, काखेत कोयता. पाहुण्यांना एकेक दुरडी द्यायची म्हणून तिनं घरी बसून विणल्या होत्या. वेशीपुढं मांडव होता, बँड होता. आणि उजव्या बुरुजाच्या पायथ्याला, तिच्या जागेवर, मखमली कापडाखाली काहीतरी झाकलेलं होतं.

“माझ्या जागंवर काय ठिवलंय रं?”

मी डब्यांची झाकणं लावायला लागलो.

बापूसाहेबांनी दोरी ओढली. कापड पडलं. टाळ्या झाल्या.

भिमाक्का बसली होती. फायबरची, वरून पितळी रंग. तेच पसरलेले पाय, तीच मान, तेच हात. हातावरच्या कोयत्याच्या खुणासुद्धा उतरल्या होत्या. पुढ्यात फायबरच्या टोपल्या, काठाला तिहेरी पीळ. मूर्तिकार हुशार होता, नाव ठेवायला जागा नव्हती.

जागा होती. भिमाक्कानं ती लगेच काढली. “कोयता उलटा धरलाय बाईनं,” ती मोठ्यानं म्हणाली. “बोटं तुटतील की तिची.”

लोक हसले. भाषणं झाली. ‘लुप्त होत चाललेला वारसा’, ‘श्रमसंस्कृती’, ‘भगिनी’, सगळं झालं. भिमाक्काचं नाव कुणी घेतलं नाही. घ्यायला कुणाला माहीत नव्हतं. पाहुणे गेल्यावर तिनं डोक्यावरची उतरंड खाली घेतली, पुतळ्याच्या डाव्या अंगाला हातभर जागा होती तिथं बसली आणि दुरड्या मांडायला लागली.

नवा रखवालदार धावत आला. “ओ बाई, उठा. इथं बसायचं नाही.”

“मग ही कशी बसलीया?”

“ती नगरपालिकेची आहे.”

“आन् मी?”

रखवालदारानं वळून पाहिलं. शेवाळे साहेब जवळच होते. ते म्हणाले, “बाई, नियम तुमच्यासमोरच ठरला ना? फोटोत एकच बाई आहे. एक झाली.”

भिमाक्कानं इंद्रनील सरांकडं पाहिलं. सर अवघडले. त्यांनाही वाईट वाटत असावं, चांगल्या घरचे होते. तिच्याशेजारी उकिडवे बसून हळू आवाजात म्हणाले, “अक्का, तुम्ही इथं कायमच्या झाला आहात. हे तुम्हीच आहात. पण दोघी शेजारी शेजारी दिसलात ना, की गर्दी वाटते. नजर कुठं ठरत नाही. बाजारपेठेच्या मागं तुम्हाला गाळा मिळावा म्हणून मी पत्र देईन.”

“गाळ्यात कळक उभा ऱ्हाईल का? सोळा हाताचा असतोय.”

सरांना हे माहीत नव्हतं. त्यांनी वहीत लिहून घेतलं. शेवाळे साहेबांनी त्यांना जेवणाला बोलावलं आणि ते गेले.

मांडव रिकामा झाला. मी, भिमाक्का आणि ती दुसरी. पळून जावं असं वाटत होतं, पण माझी शिडी आणि डबे तिथंच होते.

भिमाक्का उठली. पुतळ्याच्या पायाशी पाटी होती, काळ्यावर सोनेरी. “हे तूच लिवलंस न्हवं?”

“हो.”

“वाच.”

आमच्या धंद्यात एक आहे. पेंटर पाटी वाचत नाही. दोरी मारून रेघा आखल्या की आम्ही आधी सगळ्या ओळींचे काने काढतो, मग वेलांट्या, मग पोटं, शेवटी वरची रेघ. ओळीतला शब्द पुरा होतो तेव्हा आम्ही दुसऱ्याच ओळीवर असतो. मयताची पाटी आणि बारशाची पाटी हाताला सारखीच. हीसुद्धा मी तशीच काढली होती, टाइप केलेला कागद शेजारी ठेवून. वळणं बघत. त्या दिवशी पहिल्यांदा वाचली, तीही मोठ्यानं, आणि तिच्यापुढं.

“‘पारंपरिक बुरूड स्त्री. पूर्वी या ठिकाणी बुरूड समाजातील स्त्रिया बसून बांबूच्या वस्तू विणत असत. ही कला आता लुप्त झाली आहे.’”

“लुप्त म्हंजे?”

“म्हंजे... संपली.”

“कवा?”

“काय?”

“कवा संपली ते लिवलंय का? न्हाई, मला ठावं असावं म्हून इचारते.” तिच्या हातात अजून एक दुरडी होती. काठ ओला होता, सकाळीच पीळ घातलेला.

मी डब्यातनं चिंधी काढली, घासलेटात बुडवली. “अक्का, रंग अजून कच्चा आहे. शेवटची ओळ पुसतो. आत्ता पुसतो.”

“आन् मग? तुला काम देतील का म्होरं?”

तिनं पाटीवर बोट ठेवलं, अक्षराच्या कडेनं, रंग पुसणार नाही असं. तिला वाचता येत नव्हतं, पण हाताचं काम हाताला कळतं. ‘लु’च्या उकारावरनं तिचं बोट सावकाश फिरलं.

“अक्षर चांगलं काढलंयस न्हवं?”

“...हो.”

“मग ऱ्हाऊ दे. पेठंत एकाचा तरी हात चालू दे.”

टोमणा होता की माया होती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तिनं दुरड्या एकात एक घातल्या, डोक्यावर घेतल्या आणि नव्या फरशीवरनं, दिव्यांच्या खांबांतनं, साखळी ओलांडून गेली. साखळी ओलांडताना लुगडं अडकलं, ते तिनं स्वतःच सोडवलं. मी चिंधी हातात धरून उभा होतो.

चिंधी वाळली. मी ओळ पुसली नाही.

भिमाक्का परत वेशीत बसली नाही. गाळा मिळाला नाही, पत्र कुठं गेलं ते पत्रालाच ठाऊक. घरी बसून दोन वर्षं विणत होती. पण वेशीत बसणारी बाई घरात बसली की गिऱ्हाईकाला प्लास्टिकची टोपली जवळ पडते. मग तिनं कोयता ठेवला. तिच्या सुनांनी पीळ शिकून घेतला नाही. कशाला शिकतील?

नगरपालिकेनं मात्र शब्द पाळला. माझं काम चालू आहे. उन्हानं सोनेरी रंग दरवर्षी उडतो, आणि दरवर्षी दिवाळीच्या आधी शिपाई मला बोलवायला येतो. मी जातो, पुतळ्याच्या पायाशी बसतो आणि तिन्ही ओळी पुन्हा गडद करतो. पहिली दोन वर्षं शेवटच्या ओळीशी आलो की हात थरथरायचा, कारण ते खोटं होतं.

आता थरथरत नाही. आता ते खरं आहे.